पट्टा आवळण्याआधी

पोलीस भरतीतला गोळा मुलांसाठी 7.260 किलोचा असतो, मुलींसाठी 4 किलोचा. मुलाने तो साडेआठ मीटर फेकला की 15 पैकी 15 गुण. 100 मीटर साडेअकरा सेकंदांत काढले की आणखी 15, आणि 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवले की 20. असं हे 50 गुणांचं ‘ग्राउंड’. नंदुरबार जिल्ह्यात अभ्यासाचं पुस्तक उघडायला कंटाळणाऱ्या पोरालाही हे आकडे तोंडपाठ असतात. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नवापूर, कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्याला लागा, कडेकडेने धावणारी पोरं-पोरी दिसतीलच. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या मुलासाठी वर्दी म्हणजे घरात पहिल्यांदाच येणारा महिन्याच्या महिन्याला पगार. त्यामुळे एकेका गुणासाठी जिवाचा आटापिटा चालतो, आणि आटापिटा चालतो तिथे झटपट उपाय विकणारेही पोचतात.

सध्याचा झटपट उपाय मोबाइलवर दिसतो. दंडाच्या वरच्या टोकाला काळा पट्टा करकचून आवळलेला, हातात अगदीच हलकं डंबेल, शिरा तट्ट फुगलेल्या, आणि शेजारी टेबलावर पावडरीचा मोठा डबा. हलक्या वजनात भारी वजनाचा फायदा, आणि डब्यामुळे तो दुप्पट, असा दावा. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा थोडासा खरा आहे. आणि व्हिडिओ करणाऱ्याच्या गावीही नसलेली एक तिसरी गोष्ट आहे, जी नंदुरबारमध्ये या दोन्हींपेक्षा महत्त्वाची ठरते. तिच्याकडे येऊच, पण आधी पट्टा.

हा प्रकार जपानचा. 1966 साली योशिआकी सातो नावाचा अठरा वर्षांचा, व्यायामाचं वेड असलेला मुलगा एका बौद्ध श्राद्धविधीला गेला होता. तिथे बराच वेळ गुडघे दुमडून, टाचांवर बसावं लागलं. पाय बधिर झाले, पोटऱ्या ताठल्या. त्या चोळताना त्याला वाटलं, टाचा उचलण्याचा व्यायाम भरपूर केल्यावर पोटरी अशीच तर फुगते! म्हणजे स्नायू फुगतो तो वजनामुळे की रक्त अडल्यामुळे? पुढची काही वर्षं त्याने स्वतःच्या हातापायांवर सायकलच्या ट्यूब, दोर, ज्युदोचे पट्टे बांधून प्रयोग केले. किती आवळायचं, कुठे, किती वेळ, याचं काहीच गणित तेव्हा नव्हतं. परिणामी एकदा रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन तो मरता मरता वाचला. ज्याने ही पद्धत शोधली, त्याचीच ही गत झाली होती, हे आज दंडाला सायकलची ट्यूब गुंडाळणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

1973 मध्ये बर्फावरून घसरण्याच्या खेळात सातोंचा घोटा मोडला आणि गुडघ्याचे बंध दुखावले. प्लास्टरमध्ये अडकलेल्या पायाला त्यांनी मांडीशी पट्टा बांधून, आवळून-सोडून आकुंचनाचे व्यायाम केले. प्लास्टर निघालं तेव्हा पाय अपेक्षेइतका वाळलेला नव्हता. यातून उभ्या राहिलेल्या पद्धतीला त्यांनी ‘काअत्सु’ हे नाव दिलं. पुढे टोकियोतल्या शास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत नेली. 2000 साली ताकारादा आणि सहकाऱ्यांनी उतारवयाच्या बायकांचे गट केले. एका गटाने आपल्या ताकदीच्या 80 टक्क्यांच्या आसपास वजन उचललं, दुसऱ्याने पट्टा बांधून 50 टक्के. काही महिन्यांनी दंडाच्या स्नायूंची वाढ या दोन्हीकडे जवळपास सारखी निघाली. 2007 मध्ये फुजिता आणि सहकाऱ्यांनी तरुणांकडून ताकदीच्या फक्त 20 टक्के वजनाने मांडीचा व्यायाम पट्ट्यासह करून घेतला, आणि पुढच्या तीन तासांत स्नायूत नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग 46 टक्क्यांनी वाढलेला आढळला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल अँड्र्यूच्या हातापायांना पट्टे दिसले आणि जगभरच्या जिमवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं.

आत नेमकं काय होतं? रक्त हृदयाकडून हातात आणणाऱ्या धमन्या खोल आणि जाड भिंतीच्या असतात. ते परत नेणाऱ्या शिरा पातळ भिंतीच्या, त्यातल्या बऱ्याच वरच्या थरात. बेताने आवळलेला पट्टा शिरांचा परतीचा मार्ग जवळपास अडवतो, धमन्यांतून मात्र रक्त कमी प्रमाणात येत राहतं. नाल्यावर बंधारा घातला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तसं हातात रक्त तुंबतं. हे रक्त शिळं असतं. त्यातला ऑक्सिजन स्नायूंनी वापरून टाकलेला, आणि व्यायामातून तयार होणारं आम्ल वाहून जायला वाट नाही. स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात. चिवट, दमाने काम करणारे तंतू ऑक्सिजनवर चालतात, हलक्या वजनाला तेवढे पुरतात. जोरकस, लवकर थकणारे तंतू एरवी भारी वजन आलं तरच कामाला लागतात. ऑक्सिजन तुटला की चिवट तंतू हात टेकतात आणि चार किलोच्या डंबेलसाठीही शरीर जोरकस तंतूंना हाक मारतं. वाढण्याची क्षमता याच तंतूंत जास्त असते. शिवाय पेशी पाण्याने फुगतात, आतली प्रथिनं बांधणारी यंत्रणा चालू होते, आणि स्नायू वाढतो.

या व्यायामानंतर वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, विश्रांतीच्या पातळीच्या 290 पट वाढल्याची नोंद ताकारादांच्याच 2000 सालच्या एका अभ्यासात आहे. जाहिरातींना हा आकडा फार प्रिय. पण व्यायामानंतर तासभर उसळून खाली येणाऱ्या या संप्रेरकाने स्नायू वाढत नाही, हे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने पुढे पुरेसं दाखवलं आहे. आकडा खरा, त्यातून काढलेला अर्थ खोटा. असं पावडरींच्या बाबतीतही दिसेल.

आता जरा जवळून बघू. 2019 साली या क्षेत्रातल्या मंडळींनी मिळून एक पद्धत ठरवून दिली. पट्टा दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, दुसरीकडे कुठेच नाही. कोपराखाली किंवा गुडघ्याखाली बांधणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. दाब किती? ज्या दाबाला धमनीतला प्रवाह पूर्ण थांबतो तो डॉप्लर यंत्राने मोजायचा, आणि त्याच्या 40 ते 80 टक्के ठेवायचा. रुंद पट्ट्याला कमी दाब पुरतो. अरुंद दोरीला जास्त लागतो आणि ती मज्जातंतूवर रुतते. वजन आपल्या कमाल ताकदीच्या 20 ते 40 टक्के, म्हणजे एका दमात जास्तीत जास्त 15 किलो उचलणाऱ्याने तीन ते सहा किलो. पहिल्या सेटमध्ये 30 वेळा, मग अर्धा मिनिट थांबून 15, पुन्हा 15, पुन्हा 15. एकूण 75. पहिले वीस रेप्स अगदी सोपे जातात, हसत हसत होतात. पंचविसाव्याला दंडात आग पेटते. दुसऱ्या सेटच्या शेवटी हात जांभळट दिसू लागतो आणि चार किलोचं डंबेल वर जायला नकार देतं. चौथा सेट संपला की पट्टा लगेच सैल करायचा. बोटं पांढरी पडली, मुंग्या आल्या, बधिरपणा आला तर मधेच सोडायचा. आठवड्यातून दोन-तीनदा एवढंच.

हे सगळं प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. जपानमध्ये 2006 साली या पद्धतीच्या केंद्रांची पाहणी झाली, साडेबारा हजारांहून अधिक लोकांची. त्यातल्या 13 टक्क्यांना त्वचेखाली रक्त साकळून डाग पडले होते, एक टक्क्याहून थोड्या अधिक लोकांना बधिरपणा आला होता. शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण 0.055 टक्के, म्हणजे फारच कमी. पण ती शिकलेल्या प्रशिक्षकांची केंद्रं होती. गुडघ्याला गुंडाळायची पट्टी किंवा रक्त काढताना बांधतात ती रबराची नळी वापरून, दाब डोळ्यांनी जोखून केलेल्या प्रकारांना हे आकडे लावता येत नाहीत.

पट्ट्याचं खरं ठिकाण माझ्या मते जिम नव्हे, फिजिओथेरपीचा विभाग. गुडघ्याच्या बंधाची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू, सांधे झिजलेली साठीची बाई, ज्यांना भारी वजन उचलताच येणार नाही अशांची मांडी वाळू नये म्हणून ही पद्धत वरदान आहे, आणि त्याचे पुरावेही चांगले आहेत. धडधाकट वीस वर्षांच्या मुलाला मात्र पट्ट्याने वेगळं काय मिळतं? स्नायूचा आकार भारी वजनाइतकाच वाढतो. ताकद मात्र भारी वजनाने जास्त वाढते, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसतं. शिवाय हलकं वजन पट्टा न बांधता, हात पार थकेपर्यंत उचललं तरी स्नायू जवळजवळ तेवढाच वाढतो. पट्ट्याने थकवा लवकर येतो, एवढंच. आता भरतीचे गुण आठवा. गोळ्याला लागतो पायापासून खांद्यापर्यंतचा जोर आणि हात सुटतानाचा नेमका कोन. 1600 मीटरला लागतो दम. 100 मीटरला स्फोटक वेग. फुगलेल्या दंडाला यातलं कुठलंच खातं गुण देत नाही. आपल्या तालमीतले जोर-बैठका आणि रस्त्यावरचं धावणं याहून जास्त कामाचं आहे.

आता डबा. पट्टा बांधून व्यायाम आणि सोबत पावडर, असं दोन्ही एकत्र केल्याने जादाचं काही घडतं का, याची थेट तपासणी थोडीच झाली आहे. जर्मनीत फ्रायबर्गच्या संशोधकांनी 2019 साली वयस्कर पुरुषांवर पट्टा आणि कोलाजेनची पावडर असा प्रयोग केला. पट्ट्याने स्नायू वाढले, कोलाजेनने त्यात ठळक भर घातली नाही. मग उरतो तो साधा प्रश्न: व्यायाम कुठलाही असो, पावडर किती उपयोगाची?

प्रथिनाच्या पावडरीवर 2018 मध्ये 49 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. व्यायाम करणाऱ्यांना पावडरीमुळे सरासरी तीनेक महिन्यांत मिळालेली स्नायूंची जादा भर होती सुमारे 300 ग्रॅम. हो, ग्रॅमच. आणि वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली की त्यापुढे जास्त खाऊन फायदा थांबतो. क्रिएटिनची बाजू जरा भक्कम आहे. मांस-मासळीत असणारा हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी 1832 साली मांसाच्या अर्कातून वेगळा काढला. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास व्यायामासोबत सुमारे किलोभर भर पडते, त्यातला काही भाग स्नायूत शिरलेल्या पाण्याचा. शाकाहारी माणसाच्या स्नायूत क्रिएटिन मुळात कमी असल्याने त्याला फरक जास्त जाणवतो. पण हे सगळं पट्ट्याशिवायही तेवढंच खरं आहे.

‘प्री-वर्कआउट’ म्हणून मिळणाऱ्या पावडरींत मुख्य माल कॅफिनचा, आणि सोबत रक्तवाहिन्या रुंद करणारी म्हणून सिट्रुलिनची भर. एका हाताने रक्तवाहिन्या रुंद करायच्या आणि दुसऱ्या हाताने पट्टा आवळायचा, यातली गंमत विकणाऱ्याच्या लक्षात येत नसावी.

डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात असतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या. सुमारे 70 टक्क्यांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंही प्रथिन नव्हतं. काहींमध्ये बुरशीपासून येणारं अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष सापडलं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शरीर कमावण्यासाठी प्रथिनाच्या पावडरी टाळा, असं स्पष्टच सांगितलं.

मग 55 किलोच्या मुलाने काय खायचं? सामान्य माणसासाठी शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची, म्हणजे त्याला दिवसाला 46 ग्रॅम. कसून व्यायाम करत असेल तर 1.6 च्या हिशेबाने 88. ज्वारीचं 300 ग्रॅम पीठ म्हणजे भाकरीतून साधारण 30 ग्रॅम. तूर किंवा उडदाची 100 ग्रॅम डाळ, 22 ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, 50 ग्रॅम धरा, 12. तीन अंडी, 18. पावशेर दूध, 8. बेरीज 90. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर, त्यामुळे सातपुड्यातलं भाकरी आणि उडदाच्या डाळीचं जुनं जेवण प्रथिनाच्या दृष्टीने अगदी चोख आहे. अंड्यांसाठी तर जिल्ह्याबाहेर बघायचीही गरज नाही. नवापूर हे कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथेच झाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि तरी ते गाव पुन्हा उभं राहिलं. अडचण ज्ञानाची नाही, रोजच्या ताटात तीन अंडी आणि पावशेर दूध परवडण्याची आहे. कुपोषणासाठी ज्या धडगाव-अक्कलकुव्याचं नाव वर्षानुवर्षं छापून येतं, तिथल्या मुलाच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे पावडरीच्या डब्यात जावेत, याचा मला राग येतो.

आता ती तिसरी गोष्ट.

1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी पाहिल्याचं लिहिलं. 1956 मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी कारण शोधलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. एवढासा बदल. भारतात हा विकार, म्हणजे सिकलसेल, 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात त्याचा नकाशा तयार झाला तो पुण्याचे डॉ. सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव रक्त तपासल्यामुळे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत सिकलसेलचं प्रमाण 20 ते 35 टक्के दिलं आहे. पाच हजारांहून अधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ यांच्या रांगेत नंदुरबार आहे. नंदुरबारची बहुसंख्य वस्ती भिल्ल-पावरा, गावित, कोकणा अशा जमातींची. म्हणजे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीच्या मैदानावर उभ्या असलेल्या भिल्ल-पावरा पोरांच्या रांगेत दर चार-पाच जणांमागे एक सिकलसेलचा वाहक असू शकतो, आणि पुष्कळदा त्याला ते ठाऊक नसतं.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेलं, दुसऱ्याकडून चांगलं. त्याच्या हिमोग्लोबिनपैकी 35 ते 40 टक्के सिकल प्रकारचं, बाकीचं नेहमीचं. रोजच्या जगण्यात त्याला काहीच त्रास होत नाही. उलट लहानपणी मलेरियापासून संरक्षणच मिळतं. संशोधक ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत हे दाखवून दिलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहिलं ते यामुळेच. दोन्हीकडून सदोष जनुक आलं तर मात्र तो सिकलसेलचा रुग्ण, आणि त्याचं सांधे फुटून जावेत असं दुखणं नंदुरबारच्या कुठल्याही आरोग्य केंद्राच्या ओळखीचं आहे.

सिकल हिमोग्लोबिनचा दोष एका विशिष्ट परिस्थितीत उघडा पडतो. ऑक्सिजन गेला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे होतात आणि पेशी वाकडी, ताठर बनते. आम्ल वाढलं, पाणी कमी झालं, उष्णता वाढली, रक्त एका जागी रेंगाळलं, तर हे आणखी लवकर घडतं. आता मघाचा पट्टा आठवा. ऑक्सिजन तोडलेलं, आम्ल साचलेलं, तुंबून राहिलेलं रक्त. स्नायू वाढवण्यासाठी मुद्दाम निर्माण करतो ती परिस्थिती आणि सिकल पेशी वाकवणारी परिस्थिती अक्षरशः एकच आहे. शस्त्रक्रियेतही सिकलसेलच्या रुग्णाच्या हातापायाला रक्त अडवणारा पट्टा, म्हणजे टुर्निकेट, बांधायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ दहादा विचार करतात. पट्ट्याच्या व्यायामाच्या जाणकारांनी ‘यांना देऊ नये’ म्हणून जी यादी केली आहे, तीत सिकलसेलचा रुग्ण असतोच, आणि अनेक याद्यांत वाहकही. व्हिडिओत ही ओळ नसते, कारण व्हिडिओ जिथे बनतो तिथे हा प्रश्नच नसतो. नंदुरबारमध्ये तो पहिला प्रश्न आहे.

पट्टा नसतानाही वाहकाने जीव तोडून धावण्याचा प्रश्न उरतोच. 1987 मध्ये अमेरिकी लष्करातल्या नव्या भरतीच्या कृष्णवर्णीय जवानांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. प्रशिक्षणात कारण न सापडणारा अचानक मृत्यू वाहकांमध्ये सुमारे 28 पट जास्त, दर लाखात 32. त्यावर लष्कराने पाणी, सावली, हळूहळू वाढवलेला सराव यांचे नियम कडक केले, सगळ्यांसाठी. 2016 मध्ये सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय जवानांचा नवा अभ्यास आला, तेव्हा वाहकांमधला जादा मृत्यू दिसेनासा झाला होता. स्नायू फुटून त्यांतले पदार्थ रक्तात उतरण्याचा धोका मात्र अजून 54 टक्क्यांनी जास्त होता. या दोन अभ्यासांमधली तीस वर्षं मला फार बोलकी वाटतात. वाहकांना घरी पाठवलं गेलं नाही. नियम बदलले, मरणं थांबली. अमेरिकी विद्यापीठांच्या खेळात 2006 साली राइस विद्यापीठाचा एक फुटबॉल खेळाडू सरावात कोसळून गेला, तो वाहक होता. 2010 पासून तिथल्या सर्वोच्च गटातल्या विद्यापीठांत सिकलसेल तपासणी सक्तीची झाली.

आपल्याकडे ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या द्रावणात टाकतात. पाचेक मिनिटांनी नळीच्या मागे छापील ओळी धरायच्या. ओळी आरपार दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर आहे. मग वाहक की रुग्ण हे ठरवायला रक्त इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीसाठी पुढे जातं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, त्यामुळे अनेक पाड्यांवर हातात सिकलसेलची कार्डंही आली आहेत. लग्न जुळवताना अडचण नको म्हणून काही घरांत ती पेटीच्या तळाशी जातात. निदान अकॅडमीच्या प्रशिक्षकाला तरी कार्ड दाखवायला हवं. फी भरताना उंची आणि छाती मोजतात, तेव्हाच कार्ड विचारायला काय हरकत आहे?

कार्डावर वाहक लिहिलेलं असेल तर धावणं सोडायचं कारण नाही, गोळाही सोडायचा नाही. पट्टा मात्र नको, आणि कॅफिनने ठासलेली पावडर खाऊन भर उन्हात स्प्रिंट तर मुळीच नको. वाहकाचं मूत्रपिंड पाणी धरून ठेवण्यात कमी पडतं, म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त वेळा पाणी लागतं. सराव आठवड्या-आठवड्याने वाढवायचा. पहिल्याच दिवशी ‘कोण थांबतो बघू’ असली शर्यत लावायची नाही. दोन स्प्रिंटच्या मधे पुरेशी विश्रांती. ताप असेल, रात्री जुलाब झाले असतील, तर त्या दिवशी सुट्टी.

आणि प्रशिक्षकाने एक खूण ओळखायला शिकायला हवी. उन्हाने वांब येतो तेव्हा पोटरीचा दगड होतो, मुलगा ओरडतो, लंगडत बाजूला येतो. सिकल पेशींनी रक्तवाहिन्या अडल्या की स्नायू हाताला मऊच लागतो, वेदनेपेक्षा अशक्तपणा जास्त असतो. सराव सुरू होऊन फार वेळही झालेला नसतो, आणि मुलगा पाय गळाल्यासारखा खाली बसतो. तो शुद्धीत असतो, बोलतो, म्हणून बाकीचे त्याला नाटकी समजून उठवायला जातात. तिथेच घात होतो. त्याला उठवायचं नाही. सावलीत झोपवायचं, अंग ओल्या कपड्याने थंड करायचं, पाणी द्यायचं, 108 ला फोन करायचा, गाडीत ऑक्सिजन लावायला सांगायचं. दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य असायला हवं: हा सिकलसेलचा वाहक आहे. मग डॉक्टर ऊन लागलं एवढ्यावर न थांबता रक्तातलं पोटॅशियम आणि स्नायू फुटल्याची खूण देणारं सीके तपासतात, सलाईन चालू करतात, आणि लघवीला गडद तपकिरी रंग येतोय का यावर रात्रभर लक्ष ठेवतात.